दीड किलो वाढवू नका

पत्र:

ताई,
माझं वय ४३, उंची १५८ सेंटिमीटर, राहणार सिडको, नाशिक. २०१६ साली माझं वजन ११८ किलो होतं. गुडघे बोलायला लागले होते, एक जिना चढवत नव्हता. तेव्हा स्लीव्हचं ऑपरेशन केलं, ज्यात पोटाचा मोठा भाग काढून टाकतात ते. विमा नव्हता. माहेरून थोडे आणि यांच्या कंपनीच्या पतपेढीतून थोडे, असे पैसे उभे केले. दोन वर्षांत ७१ किलोवर आले. २०१८ ला यांनी घरच्या चौघांची मेडिक्लेम पॉलिसी काढली. फॉर्मवर माझं ऑपरेशन स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हापासून सात वर्षं झाली, एकही हप्ता चुकवलेला नाही.

गेली तीन वर्षं रात्री घशाशी आंबट येतं. तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. दोन वाजता ठसका लागून उठते, नाकातून पाणी येतं, आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. दोन वेळच्या गोळ्या चालू आहेत. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ग्रेड सी सूज (चार पायऱ्यांतली तिसरी) आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, निघाला. वजनही मधल्या काळात ८६ झालंय. डॉक्टर म्हणाले, स्लीव्हचं पोटाच्या बायपासमध्ये रूपांतर करू. खर्चाचा अंदाज ४ लाख ६० हजार.

विमा कंपनीने कॅशलेस, म्हणजे रुग्णालयाला परस्पर पैसे देणं, नाकारली. पत्रात दोनच ओळी आहेत: 'अपवाद क्रमांक ०६ नुसार बीएमआय ३५ पेक्षा कमी. आधीपासूनचा आजार.' रुग्णालयाच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, परत पाठवू, पण आधी दीड किलो वाढवून या.' सासूबाई म्हणतात, तेव्हा एवढे पैसे घातले, तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती. आणि पित्ताचं कुणी ऑपरेशन करतं का? मुलगी यंदा दहावीला आहे, तिच्या नावाची एफडी आहे. ती मोडू का? की खरंच दीड किलो वाढवू?
एक वाचक

उत्तर:

दीड किलोचं तुम्ही शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं लिहिलंय, पण मला तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली. वाढवू नका.

त्या मुलाचा हिशेब चुकलेला नाही. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा. तुमच्या उंचीला बीएमआय ३५ म्हणजे साधारण ८७.४ किलो, आणि तुम्ही ८६. पण त्याने अट अर्धीच वाचली. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली. त्यातला ०६ क्रमांकाचा अपवाद लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा. तो म्हणतो की शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, वैद्यकीय प्रघाताला धरून हवी, रुग्ण १८ वर्षांचा तरी हवा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ चालतो, पण त्याच्या जोडीला चारपैकी एक गंभीर दुखणं लागतं: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय वजन घटवण्याचे साधे उपाय करून फसलेले हवेत. तुमच्या पत्रात या चारांपैकी एकही नाही. म्हणजे ८७.४ झालात तरी दार उघडणार नाही. नुसत्या वजनावर बसायचं तर तुम्हाला १०० किलोला टेकावं लागेल.

आणि समजा वाढवलेच दीड किलो, तर नव्या कागदावर काय दिसेल? मागच्या महिन्यात ८६, या महिन्यात साडेसत्त्याऐंशी, आणि ऑपरेशन मात्र वजनाचं. कंपनी जे म्हणतेय त्यावर तुम्हीच सही केल्यासारखं होईल. तुमचं भांडण वजनाचं नाहीच, हे मला तुम्हाला सांगायचंय. तुमच्या अन्ननलिकेला जखम आहे, आणि ती भरायला जे करावं लागतंय ते योगायोगाने वजनाच्या ऑपरेशनसारखं दिसतं.

मी एकोणीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या विमा खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. कॅशलेसचा फॉर्म कसा भरला जातो ते मला ठाऊक आहे. त्यात डॉक्टरांनी भरायचा एक भाग असतो: तक्रार काय, कधीपासून, तपासणीत काय सापडलं, तात्पुरतं निदान, आयसीडीचा म्हणजे आजाराचा ठरलेला कोड, आणि करायची शस्त्रक्रिया. हा भाग मोठे सर्जन स्वतः क्वचित भरतात. राउंड संपवून धावत आलेला निवासी डॉक्टर उभ्याउभ्या लिहितो. तुमच्या फॉर्मवर त्याने काय लिहिलं असेल ते मी न बघता सांगू शकते: 'स्लीव्हनंतर वजनवाढ, रिव्हिजन बॅरिअॅट्रिक सर्जरी', म्हणजे वजनाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा, आणि कोड ई ६६. हा लठ्ठपणाचा कोड. तो दिसला की पलीकडे, विम्याच्या बाजूला, बसलेला माणूस सरळ ०६ क्रमांक काढतो, बीएमआय बघतो आणि नकाराचं पत्र छापतो. एंडोस्कोपीचा अहवाल सोबत जोडलेला असतो, पण तो उघडायची त्याला गरजच पडत नाही.

असाच एक फॉर्म माझ्या हातून पुढे गेला होता. त्या गृहस्थांनाही स्लीव्हनंतर तुमच्यासारखाच त्रास होता. रात्री बसून झोपायचे. मी फॉर्म वाचला, सही शिक्का बघितला आणि पाठवून दिला. निदानाच्या रकान्यात वजनच लिहिलंय, हे मला दिसायला हवं होतं. नकार आला, आणि तो फिरवायला चार महिने गेले. ते चार महिने ते बसूनच झोपले. म्हणून तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तेव्हा पहिलं काम: रुग्णालयाकडून त्या फॉर्मची आणि त्यासोबत पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. तुमचे कागद आहेत, मागायला संकोच करू नका. काउंटरवर 'सिस्टीममध्ये आहे, देता येत नाही' म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग प्रत हातात घेऊन सर्जनना भेटा, दहा मिनिटांची वेळ घेऊन. ओपीडीच्या दारात उभं राहून हे काम होत नाही.

त्यांना काय विचारायचं ते नीट समजून घ्या, कारण सगळा क्लेम या एका मुद्द्यावर उभा राहणार आहे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. पिशवी होती तिची नळी होते. नळीत दाब जास्त, आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप सैल पडते, त्यामुळे आंबट वर चढतं. आता ज्याचं स्लीव्ह झालेलं नाही अशा माणसाला एवढाच त्रास असता, ग्रेड सी सूज आणि हायटस हर्निया असता, तर सर्जननी काय केलं असतं? हर्निया दुरुस्त करून जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळून नवी झडप तयार केली असती. त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात. पॉलिसीत ते कुणी बीएमआय विचारून अडवत नाही. तुमच्या बाबतीत ते नेहमीच्या रीतीने करता येत नाही, कारण गुंडाळायला लागतो तो घुमटच २०१६ ला काढून टाकलाय. म्हणून बायपास. त्यात वरती अगदी छोटी पिशवी राहते, तिच्यात आम्ल फारसं बनत नाही, आणि खालचं आम्ल नि पित्त आतड्याच्या लांब वळणामुळे अन्ननलिकेपर्यंत पोचत नाही. स्लीव्हनंतरच्या अशा हट्टी त्रासावर जगभरचे सर्जन हेच करतात.

ही गोष्ट सर्जननी आपल्या लेटरहेडवर लिहून द्यायला हवी. तुम्ही साधारण असं मागा:

'रुग्णास तीन वर्षांपासून तीव्र आम्ल-उलटीचा आजार असून दिवसातून दोनदा औषध घेऊनही अन्ननलिकेस ग्रेड सी सूज आहे, सोबत हायटस हर्निया आहे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा भाग काढलेला असल्याने नेहमीची फंडोप्लिकेशन शस्त्रक्रिया शक्य नाही. प्रस्तावित शस्त्रक्रिया हर्निया दुरुस्ती व बायपास ही या आजारावरील उपचारासाठी आहे. तिच्यामुळे वजनही काही प्रमाणात कमी होऊ शकते, परंतु शस्त्रक्रियेचे कारण ते नाही.'

शेवटचं वाक्य वगळू नका. डॉक्टर म्हणतील, हे कशाला, उगाच त्यांच्या हातात कोलीत. पण वजन कमी होणार हे पलीकडच्या डॉक्टरलाही माहीत आहे. आपणच आधी सांगितलं की लपवल्याचा संशय उरत नाही. निदानाचा कोडही बदलून घ्या: सूज असलेल्या रिफ्लक्ससाठी, म्हणजे आंबट वर चढण्यासाठी, के २१, हायटस हर्नियासाठी के ४४.

खोटं लिहून घ्या असं मी सांगत नाहीये, हे स्पष्ट असू द्या. सर्जनना समोर बसून विचारा: 'डॉक्टर, माझं वजन आज ७१ असतं तरी तुम्ही हेच ऑपरेशन सांगितलं असतं का?' ते 'हो' म्हणाले तर हे पत्र त्यांनी जड मनाने लिहायचं कारण नाही. ते घुटमळले, तर त्यांच्या मनात वजनही आहे असं समजा. मग क्लेम कमकुवत आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशनबद्दलच दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला हवं. पोटावर दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, जुने टाके आणि चिकटलेले पडदे सोडवत जावं लागतं, धोका जास्त असतो. दुसरं मत मी तर तसंही घ्याच म्हणेन. ते लेखी मिळालं आणि जुळलं, तर तेही फाइलला लावा.

पुरावे जेवढे तेवढे बरे. एंडोस्कोपी आहेच. २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची मॅनोमेट्री झाली नसेल तर विचारा. नाकातून बारीक नळी घालून एक दिवस राहायचं असतं, त्रासदायक आहे, पण आम्ल किती वेळ वर चढलेलं असतं ते आकड्यात दिसतं, आणि आकड्याशी वाद घालणं अवघड. तीन वर्षांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि औषधाच्या दुकानाची बिलं शोधा. दुकानदार ओळखीचा असेल तर जुनी बिलं काढून देतो. एंडोस्कोपीच्या वेळी तुकडा काढून तपासला होता का हेही विचारा. अनेक वर्षं आम्ल लागत राहिलं की अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात, आणि त्यातल्या थोड्या लोकांना पुढे कर्करोग होऊ शकतो. घाबरवायला सांगत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असावं.

आता दुसरी ओळ, 'आधीपासूनचा आजार'. ही मला त्यांची सगळ्यात कच्ची बाजू वाटते. २०१८ ला पॉलिसी घेतली तेव्हा आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबवता येत होतं. एप्रिल २०२४ पासून ती मर्यादा तीन वर्षांची झाली. तुमची तर सात झाली. तुम्ही ऑपरेशन फॉर्मवर लिहिलं होतं, तो फॉर्म वाचूनच त्यांनी पॉलिसी दिली. डिसेंबर २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की रुग्णाने आजार उघड केला आणि कंपनीने तो जाणून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच आजारावर बोट ठेवून क्लेम नाकारता येत नाही. शिवाय पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'माहिती लपवली' हा मुद्दा काढता येत नाही. मात्र पॉलिसीतल्या कायमच्या अपवादांना पाच वर्षांचा हा नियम लागू होत नाही. त्यामुळे ०६ क्रमांकाशी वेगळं भांडावंच लागेल.

घरी जाऊन पॉलिसीचा पूर्ण मजकूर काढा. एजंटने दिलेलं चकचकीत पत्रक नको, चाळीस-पन्नास पानांचं ते पुस्तक हवं, ईमेलवर आलेलं असतं. पहिल्या पानांवरच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे काही खास अट लिहिली आहे का बघा. काही पॉलिस्यांमध्ये वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळं कलम आणि वेगळी मर्यादा असते, ते असेल तर ०६ पेक्षा उदार असू शकतं. आणि २०१८ चा मूळ प्रपोजल फॉर्म कंपनीकडून मागवा. तो तुमचा हुकमाचा पत्ता आहे.

एक जोडमुद्दाही आहे. ०६ क्रमांकात 'रिव्हिजन' हा शब्दच नाही. बीएमआय कुठल्या दिवसाचा धरायचा तेही लिहिलेलं नाही. २०१६ ला तुमचा बीएमआय ४७ होता. कलमाची भाषा संदिग्ध असेल तर अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, ही न्यायालयांची जुनी रीत आहे. त्यात ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेतल्या १९९१ च्या शिफारशींमधले. २०२२ मध्ये बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी मिळून ते खाली आणले: ३५ च्या वर असेल तर सोबत आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांना ती २७.५ पासून सुचवावी. हे पत्रात लिहा, पण शेवटी, आणि दोन ओळींत. करारात ४० लिहिलं असेल तर शास्त्र पुढे गेलं म्हणून करार आपोआप बदलत नाही. पहिला मुद्दा अन्ननलिकेचाच राहू द्या. नाहीतर वजनाच्या चिखलात परत फसाल.

हे सगळं जमलं की रुग्णालयाला नव्या निदानाने कॅशलेसचा अर्ज पुन्हा पाठवायला सांगा. मे २०२४ च्या नियमानुसार कॅशलेसचं उत्तर कंपनीने एका तासात द्यायचं असतं. उत्तर लवकर येतं, म्हणून ते विचारपूर्वक येतंच असं नाही. त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. टीपीएला नको, कंपनीला. टीपीए म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणारी मधली संस्था, जबाबदारी कंपनीची. दोन आठवड्यांत त्यांनी उत्तर द्यायचं असतं. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ ला फोन करा. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तिथे नाही झालं, किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिक पुण्याच्या कार्यालयाकडे येतं, ते नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत जाताच येत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते, म्हणजे आंबट घशाने शिवनेरीत बसून पुण्याला यायला नको. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. म्हणजे पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. म्हणून मी ग्राहक आयोगाआधी लोकपाल सांगते. आयोगात प्रकरण दाखल झालं की लोकपाल ते ऐकत नाहीत.

आणि आता एफडी. कॅशलेस नाकारली म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, हे पत्र वाचताना मला सतत वाटत होतं की तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. पैसे भरून ऑपरेशन करता येतं आणि नंतर तोच क्लेम परतफेडीसाठी टाकता येतो. तो नव्याने तपासावा लागतो, आणि कंपनीला तिच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय तो नाकारता येत नाही. नाकारलाच तर पॉलिसीच्या कुठल्या कलमाने ते लिहून द्यावं लागतं. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, सगळं जपून ठेवा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत द्या. डिस्चार्ज कार्डवर निदान काय लिहिलंय ते रुग्णालय सोडण्याआधी वाचा. तिथे पुन्हा 'वजनवाढ' लिहिलं गेलं तर फॉर्म सुधारून काही उपयोग नाही. मसुदा आदल्या दिवशी तयार होतो, तेव्हाच यांना वाचायला सांगा. तुम्ही त्या दिवशी गुंगीत असाल.

पण आधी डॉक्टरांना विचारा, थांबता किती येईल? दोन-तीन महिने औषधांवर निभत असेल तर आधी भांडा, मग ऑपरेशन. घास अडकायला लागला, उलटीत रक्त दिसलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर मात्र फाइल बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. पैशांची वेळ आलीच तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँकेत एका दिवसात होतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, आणि क्लेम आला की फेडून टाकता येतं. एफडी मुलीच्या नावावर असेल तर काही बँका त्यावर कर्ज देत नाहीत, आधी चौकशी करा. दहावीच्या मुलीच्या नावाला हात लागला की घरात जे बोलणं सुरू होतं ते तुम्हाला आत्ता नको आहे.

हे बोलणं, खरं तर, तुमच्या पत्रात विम्याच्या आधी येतं. सासूबाईंचं वाक्य तुम्ही लिहिलंत, पण त्यावर तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते लिहिलं नाहीत. मला वाटतं तुम्हालाही ते थोडं खरं वाटतंय. २०१६ ला ११८, आज ८६. नऊ वर्षांनी ३२ किलो अजून उतरलेलेच आहेत. लठ्ठपणा हा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा आजार आहे, शरीर गेलेलं वजन परत मिळवायला बघतं, भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं. स्लीव्हनंतर काही किलो परत येणं डॉक्टरांना नवीन नाही. आणि घशाशी येतंय ते तुमच्या तोंडावर ताबा नसल्यामुळे येत नाही. ते त्या ऑपरेशनच्या रचनेतून येतं, बऱ्याच जणांना येतं, अगदी शिस्तीत जेवणाऱ्यांनाही. एंडोस्कोपीच्या रिपोर्टला रंगीत फोटो असतात. त्यात अन्ननलिकेच्या गुलाबी भिंतीवर लालभडक चरे दिसतील. सासूबाईंच्या हातात तो कागद द्या. शब्दांनी पटवायची गरज नाही. 'पित्ताचं ऑपरेशन' या शब्दाने त्यांच्या डोळ्यांसमोर आवळ्याची वडी आणि कोकम सरबत येत असेल, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी जखम पाहिलेली नाही. (कोकम, आवळा, पुदिना, तिन्ही आत्ता बंद ठेवा. आंबट जखमेला चुरचुरतं, पुदिन्याने झडप सैल पडते.)

आणखी एक, कारण हल्ली प्रत्येक पत्रात ते येतं आणि तुमच्याही घरात कुणीतरी सुचवेलच: २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली वजनाची इंजेक्शनं. त्यांनी वजन उतरेल, पण जठराची झालेली नळी परत पिशवी होणार नाही. उलट त्या औषधांनी पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे काहींचा आंबटाचा त्रास वाढतो. तुमच्या सर्जनना विचारल्याशिवाय नको.

काउंटरवरच्या त्या मुलावर रागावू नका. त्याला रोज पन्नास फॉर्म असतात आणि त्याला वाटलं तो मदत करतोय. त्याच्याकडेच सोमवारी जा आणि फॉर्मची प्रत मागा. कदाचित तोच तुम्हाला सर्जनची वेळही काढून देईल.

आणि तोवर तीन उशा काढून टाका. उशांनी कंबरेत घडी पडते, पोटावर दाब येतो आणि आंबट जास्त चढतं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा-सहा इंचांचे ठोकळे द्या, लाकडी असोत नाहीतर दोन-दोन विटा, डगमगत नाहीत ना बघा. अख्खा पलंगच तिरका हवा. डाव्या कुशीवर झोपा. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास ठेवा, दहावीच्या मुलीचं वेळापत्रक कितीही असलं तरी. पंधरा दिवसांनी मला कळवा, फॉर्मवर काय लिहिलेलं निघालं आणि किती वाजेपर्यंत झोप लागली.